चोपड्याच्या दुकानातली माझी फ्रेम

५ मे ९१, रवि., धुळे
चोपड्याहून भाऊजी आले. न बोलावता. खोकंभर केळी आणि वर "वहिनी, तब्येत बरी ना?" लग्नाला नऊ वर्षं झाली, कधी विचारलं नव्हतं!
निघताना विषय काढलाच. औषध खात्याचे साहेब चौकशीला आले तर सांगायचं, दुकानात रोज मीच बसते. त्यांचं चोपड्याचं मेडिकल माझ्या सर्टिफिकेटवर. डी. फार्म मी, गल्ल्यावर भाऊजी. सगळीकडे असंच चालतं म्हणे. पण आत्ताच का आठवण?

९ मे
केळी संपली, खोकं उरलं. खोकल्याच्या औषधाचं. मागचे आंबेही असल्याच खोक्यातून आलेले. माळ्यावर चढून पाहिलं, तसल्याच रिकाम्या खोक्यांची चळत. बोरं, चिंचा, पापड, जे जे आलं ते यातूनच.
बाहेर भट्टी पेटलीय. या उन्हात चोपड्यात एवढं कोण खोकतंय?
त्यात कोडीन असतं. गुंगी येते, सवय लागते, चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. परीक्षेत मीच लिहिलेलं.

१० मे
ह्यांना विचारलं. पेपरातून मान वर नाही. "औषधच विकतो ना तो? दारू तर नाही." म्हणजे ह्यांना माहीत आहे. स्वयंपाकघरात सासूबाईंचं लाटणं थांबलं. त्यांनाही? उद्या कोणी मेलं तर नाव माझं निघणार. भीती वाटते. रागही येतो, सगळ्यांचा.

१६ मे
माहेरी अमळनेरला जाते सांगून निघाले, पुढे चोपडा गाठलं.
दुकानासमोर उभी राहिले. पोरं येतात, औषधाचं नावही घेत नाहीत, बाटली समोर येते. एकाने पायरीवरच तोंडाला लावून संपवली. वर भिंतीवर मी, फ्रेममधल्या सर्टिफिकेटवरच्या फोटोत. दोन वेण्या, काचेवर लक्ष्मीपूजनाचं कुंकू.
भाऊजींचा चेहरा उतरला. चहा मागवू का, म्हणाले. म्हटलं, "रोज मीच बसते ना इथे? म्हणून आले."
तेवढ्यात एक म्हातारी पायरी चढली. फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.
"ती फोटोमधली तूच शे ना? मना पोऱ्या रोज तुन्हा दुकानमा येस. त्याले कसाना आजार शे, माय?"
तक्रार नव्हती. खरंच विचारत होती.
ती गेल्यावर स्टुलावर चढले आणि फ्रेम काढली. भाऊजी नुसतेच "वहिनी, वहिनी" करत राहिले.

१७ मे
फ्रेम माझ्या ट्रंकेत, शालूखाली. किल्ली कमरेला. भिंतीवर सर्टिफिकेट नसेल तर दुकान उघडता येत नाही, आणि तरी उघडलं असेल तर? भाऊजींचा काय भरवसा.
हे म्हणतात, तमाशा नको, देऊन टाक. सासूबाई सकाळपासून ट्रंकेच्या खोलीत दोनदा झाडून गेल्या.
दुपारच्या गाडीने भाऊजी आलेत. ओसरीवर तिघांची कुजबुज चाललीय. मला अजून हाक नाही.
म्हातारीला काय सांगायचं, तेच मनात घोळतंय. पोराला काही आजार नव्हता, आम्हीच दिला, असं?