गुलाबी चिठ्ठी लावलेली प्रीती

आदरणीय ताई,

धाकट्या भावाचा प्रभूच्या नावात दोन्ही हातांनी सलाम. (वाकूनही केला असता, पण कंबर ऐकत नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजी मजेत? अक्षर ओळखून पत्र फाडायला घेतलं असशील, तर एवढं वाच आणि मग खुशाल फाड. फक्त कडेने सरळ फाड, म्हणजे मागची कोरी बाजू सामानाची यादी लिहायला होईल.

चार वर्षं तू माझ्याशी बोलली नाहीस, आणि चूक सोळा आणे माझी. मी निवृत्त झालो त्या दिवशी तू तीन महिने खपून विणलेला निळा स्वेटर घेऊन आलीस, आणि मी सगळ्या पाहुण्यांदेखत खिशातली टेप काढून त्याच्या बाह्या मोजल्या. तिथेच थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण एकतीस वर्षं मोज्यांच्या कारखान्यात चेकिंग खात्यात घासलेला माणूस मी. हात आपोआप गेला आणि नापास मालाला लावतात ती गुलाबी चिठ्ठी टाचून मोकळा झालो : 'दोन्ही बाह्या दोन-दोन बोटं लांब. माल परत.' तू स्वेटर उचललास आणि न जेवता निघून गेलीस. त्यानंतर मी तीनदा फोन हातात घेतला आणि तिन्ही वेळा मनात म्हणालो, पण बाह्या लांब होत्याच की! असा मी. तुझं-माझं बोलणं पुन्हा सुरू व्हावं एवढ्यासाठी हे पत्र लिहितोय. मध्ये चष्मा, पाव आणि पाळकसाहेब येतील, पण ते सगळे तुझ्याकडेच येणाऱ्या रस्त्यावर आहेत, तेव्हा जरा दम धर.

घरी बसल्यावर मी घरच तपासायला लागलो. तुझ्या भावजयीने घडी घातलेल्या चादरींची टोकं जुळवून पाहिली, डब्यांची झाकणं फिरवून पाहिली, आणि यंदा एकदा (हे मी करायला नको होतं) तिने घासलेल्या कढईवर बोट फिरवून ते उजेडात धरलं. त्याच दिवशी तिने पाळकसाहेबांना गाठलं. ह्यांना काहीतरी काम द्या, नाहीतर मी माहेरी जाते, म्हणाली. (माहेरी आता कुणीही उरलेलं नाही. तरी जाते म्हणाली, यावरून काय ते समज.) पाळकसाहेबांनी मला संडे स्कूलचा वर्ग दिला. चर्चच्या मागची खोली, सहा ते दहा वर्षांची अकरा पोरं, आणि खुर्च्या इतक्या बुटक्या की बसलं की आपलेच गुडघे आपल्या कानाला लागतात.

सुरुवातीचे महिने बरे गेले. मग धडा आला : विश्वासाचं फळ म्हणजे प्रीती. मी फळ्यावर झाड काढलं, मुळाशी विश्वास लिहिला, फांदीला प्रीती टांगली, आणि झाडाला फळ दे म्हणून दरडावावं लागत नाही, मूळ नीट धरलं की फळ आपसूक येतं, हे इतकं छान समजावलं की माझं मलाच कौतुक वाटलं. तेवढ्यात आमचा वकील उठला. (वय नऊ. खरा वकील नव्हे, पण व्हायला दुसरं काही शिल्लक नाही.) त्याने विचारलं, सर, प्रीती खरी की खोटी हे कळणार कसं? ताई, एकतीस वर्षांत मला कुणी इतका सुंदर प्रश्न विचारला नव्हता! माझ्या अंगात वारं शिरलं. मी म्हणालो, तपासून! प्रत्येकाने आठवड्यात प्रीतीचं एक काम करायचं आणि रविवारी तपासणीला आणायचं. कारखान्याने निरोपाची भेट म्हणून दिलेला गुलाबी चिठ्ठ्यांचा अख्खा खोका माझ्याकडे धूळ खात पडला होताच.

पोरांनी कामं केली, नाही असं नाही. जुळ्या बहिणींनी आजोबांचा चष्मा बुटाच्या ब्रशने घासून काढला. आजोबांना तेव्हापासून भर दुपारी धुकं दिसतंय. चिठ्ठी : 'ओरखडे.' वकिलाने आपल्या कट्टर शत्रूला अर्धं सफरचंद दिलं, पण उलटतपासणीत कबूल केलं की किडकं अर्धं तेवढं दिलं. चिठ्ठी : 'माल दुय्यम.' एकाने बेकरीवाल्याला मागून जाऊन कडकडून मिठी मारली, नेमका तो भट्टीतून ट्रे बाहेर काढत असताना. चिठ्ठी : 'हेतू चांगला, वेळ चुकली, बारा पाव जमिनीवर.' एका पोरीने शेजारच्या म्हातारीला हात धरून रस्ता ओलांडून दिला. म्हातारीला ओलांडायचाच नव्हता, ती बिचारी बाकावर बसायला आली होती. अकराच्या अकरा नापास! मी शीळ घालत घरी आलो. आणि जाता जाता, आपली तपासणी आपणच करायला शिकावं म्हणून, प्रत्येकाच्या हातात दहा-दहा कोऱ्या चिठ्ठ्या देऊन आलो.

हसू नकोस. (हसलीस तर बरंच आहे, चार वर्षांत पहिल्यांदा माझ्यामुळे हसशील.) स्वतःची तपासणी कोण करतो गं? मी तरी कधी केली होती? दोन दिवसांत सगळ्या घरांत गुलाबी कागद फडफडायला लागले. एका आईला उशीवर चिठ्ठी सापडली : 'झोपतानाचा पापा घाईत दिला. गालाऐवजी कानावर पडला. परत.' एक बाप मुलीला सायकल शिकवून घामाघूम होऊन आला, तर त्याच्या पाठीला चिकटलेलं : 'ओरडण्याचं प्रमाण जास्त.' आजोबांनी चष्म्याबद्दल जुळ्यांना मोठ्या मनाने माफ केलं, त्या माफीलाही चिठ्ठी : 'माफ करताना दात आवळले होते.' आणि रविवारी पाळकसाहेबांनी प्रीतीवर उपदेश केला, तेव्हा दानाच्या थैलीतून नऊ गुलाबी चिठ्ठ्या निघाल्या. 'लांबी जास्त. मधला भाग दोनदा आला.' (तुला म्हणून सांगतो, तपासणी अचूक होती. ह्या पोरांना मी डोळे झाकून चेकिंग खात्यात घेतलं असतं.)

आई-बापांनी मला चर्चच्या पायऱ्यांवरच घेरलं. पापा परत आलेली आई तर रडत होती, आणि माझं तोंड एवढंसं झालं. पाळकसाहेबांनी मला खोलीत नेऊन बसवलं, स्वतःही एका बुटक्या खुर्चीवर बसले, आणि अजिबात आवाज न चढवता म्हणाले, आपल्याला वरच्याने सगळ्या खोटींसकट आधीच पास करून घेतलंय, विश्वास म्हणजे एवढंच. ते एकदा मनात बसलं की माणसाला दुसऱ्याच्या खोटी मोजायची सवड राहत नाही, आणि तिथून प्रीती सुरू होते. तुम्ही पोरांना फळ दाखवायच्या आधी किडीच दाखवल्यात. आता तुमचं तुम्ही निस्तरा.

पुढच्या रविवारी मी चिठ्ठ्या परत घ्यायला वर्गात गेलो. पोरं एकेक करून देत होती. सगळ्यात धाकटी आहे तिला आम्ही खिडकी म्हणतो, पुढचे दोन्ही दात पडलेत म्हणून. तिने विचारलं, सर, तुमच्याकडे कुणीच कधी पास झालं नाही का? आणि काय झालं कुणास ठाऊक, बायकोलाही जे धड सांगितलं नव्हतं ते मी त्या अकरा जणांना सांगून बसलो : तू, निळा स्वेटर, टेप, चिठ्ठी, तू न जेवता गेलीस ते. मग खिडकी म्हणाली, पण बाही लांब असली की बोटं गार पडत नाहीत ना?

ताई, चार वर्षं! चार वर्षांत हे माझ्या टाळक्यात आलं नाही. माझे हात लहानपणापासून गार पडतात, हे जगात तुझ्याशिवाय कुणाला माहीत होतं? तू मुद्दाम केलंस ना ते? आणि मी टेप लावत बसलो. पोरांसमोर ढसाढसा रडलो. लाज वाटली नाही. वकिलाने सगळ्यांशी कुजबुज करून एकच चिठ्ठी मागून घेतली, लिहिली, आणि माझ्या शर्टाला टाचली : 'सर चांगले आहेत. एक टाका सुटलाय. जाऊन घालून या.'

तर ताई, मला माफ कर. ह्या वाक्याला 'पण' नाही. चारदा वाचून खात्री केली आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. : तुझी भावजय म्हणते, माफी मागायला दोन ओळी पुरल्या असत्या, बाकी पानं कशाला? तिचं बरोबर आहे. स्वेटर उसवून टाकला असशील तर त्याचं काहीही कर, मला तू हवी आहेस.

आणखी एक ता. क. : ह्या ओळींचं अक्षर हललंय कारण कागद वकिलाच्या पाठीवर ठेवून लिहितोय आणि तो गप्प उभा राहत नाही. पाकिटावर तिकीट नाही हे तू पाहिलंच असशील. मी पत्र पेटीत टाकीन यावर पोरांचा भरवसा नव्हता, म्हणून अकराही जण मला बसमध्ये घालून घेऊन आलेत (आई-बापांची परवानगी काढली आहे, दोन आया सोबत आहेत, पापावालीही आहे), आणि आत्ता खिडकी हे तुझ्या दाराखालून सरकवते आहे. तू घरात आहेस हे आम्हाला ठाऊक आहे, भाऊजी पडदा सरकवून दोनदा बघून गेले. माझं राहू दे, पण पोरांना लवकर आत घे. जुळ्यांपैकी एकीला घाईची लागली आहे आणि कोणतीला ते दोघीही सांगत नाहीत. मला नंतर बोलावलंस तरी चालेल. मी इथेच पायरीवर आहे.