बरणीतला गुरामी

बोरिवली,
२० ऑक्टोबर १९८६

चि. सौ. पद्मजा हिला अनेक आशीर्वाद.

सासूचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. इकडे आम्ही मायलेक ठीक आहोत. तू मुलुंडला माहेरी गेलीस त्याला दीड महिना झाला. नंदकिशोर दर रविवारी तुला भेटून येतो आणि मला एक अक्षर सांगत नाही, म्हणून मीच लिहायला बसले. तुझ्या आईबाबांना नमस्कार सांग.

पत्राचं कारण तुझे मासे. तू हौसेने आणलेल्या त्या काचेच्या पेटीकडे मी वर्षभर ढुंकून पाहिलं नाही. आता खाणं मीच घालते. नंदू मूठभर ओततो आणि पाणी नासवतो.

तर तो निळा गुरामी फार माजला होता. डाव्या कोपऱ्यातल्या दगडामागे त्याचं ठाणं. कुणी तिकडे वळलं की धावून जायचा. आधी मला वाटायचं, ती काळी मोली तरी कशाला तडमडायला जाते तिकडे? पोट भरलं की निवळेल म्हणून त्याला जास्त खाऊ घातलं, तर अंगात आणखीच जोर आला. मागच्या आठवड्यात मोलीची शेपटी कुरतडलेली दिसली. ती हवेच्या नळीमागे लपून बसायची, खायलाही बाहेर येईना. मला ते बघवेना.

मालाडला तुझ्या त्या मासेवाल्या चंद्रप्रकाशकडे गेले. मोलीला दुसरीकडे ठेवू का, विचारलं. तो म्हणाला, "मावशी, मार खाणाऱ्याला कशाला हलवता? दांडगोबाला बाहेर काढा ना चार दिवस. तेवढ्यात आतले दगड, झाडं, सगळं इकडचं तिकडे करा. परत सोडलात की त्याला ती जागा आपली वाटणारच नाही."

लोणच्याची बरणी घासूनपुसून गुरामीला तिच्यात ठेवलं आणि पेटीत कोपरापर्यंत हात घालून सगळं हलवलं. काल त्याला परत सोडलं. परक्याच्या घरी आल्यासारखा कडेकडेने फिरला. मोली समोरून गेली, तरी गप्प.

पद्मजा, बरणीवर फडकं बांधताना माझा हात थांबला होता. तू ओट्यावर डबे लावलेस की मी ते उचलून माझ्या जागी ठेवायची. एकदा नाही, रोज. आणि गणपतीत पाहुण्यांसमोर म्हणाले, "तुझ्या रीती तुझ्या माहेरी. हे घर माझं आहे." तू भरल्या ताटावरून उठलीस, आणि मी सगळ्यांना सांगत सुटले की हल्लीच्या मुलींना काही सोसत नाही. चुकलं माझं. फार चुकलं. हे सरळ लिहायला जमेना, म्हणून माशांचं एवढं पुराण लावलं.

शुक्रवारी मी दहिसरला शकूकडे जाते आहे, दोन महिने तरी. रुसून नाही, धाकट्या बहिणीकडे कुणी रुसून जात नाही. नंदूला सांगितलं आहे. दिवाळी तुम्ही दोघांनी करा. तू ये, स्वयंपाकघरातलं सगळं खाली काढ आणि तुझ्या मनाने लाव. देव्हारा हलवावासा वाटला तर तोही हलव. मी विचारायला येणार नाही.

तू बोलावलंस तर परत येईन, आणि कुठली वस्तू कुठे आहे ते तुला विचारून घेईन.

तुझ्या घरी येऊ इच्छिणारी,
सुहासिनी