आईला उचलता येईल असा

१३ सप्टें., शनि.
आईसाठी लॅपटॉप घ्यायचं ठरलं. अकोल्याच्या विहारातल्या बायका दर मंगळवारी व्हिडिओवर जमून ग्रंथ वाचतात. आई इथे धायरीत, आमच्या हॉलमध्ये, फोनला नाक लावून त्यांच्यात बसते. "गोदा कोणती अन् शेवंता कोणती, काई समजत नाई." म्हणून मोठा पडदा. बजेट तीस हजारांच्या आत. मि. म्हणाला, "तीसमध्ये लॅपटॉप मिळतो, चांगला लॅपटॉप मिळत नाही." नवऱ्याचा सल्ला फुकट असतो, आणि तो तेवढ्याच लायकीचा असतो.
माझं मत पंधरा इंची. तिकडच्या बायका नीट दिसल्या तर आई इथे रमेल. रमली तर राहील. बाबा गेल्यावर तिकडे आहे कोण? पण हे तिला विचारलं की ती भांडी घासायला उठते.

१४ सप्टें., रवि.
कोथरूड. दोन दुकानं. मी रॅम, बॅटरी, वॉरंटी विचारतेय, आणि आई प्रत्येक लॅपटॉप उचलून बघतेय. आधी या हाताने, मग त्या. मि. म्हणाला, "आई, कलिंगड नाही ते." आई म्हणाली, "वजन पाह्यल्याबिगर काईच घेऊ नये." मनगट दुखतं तिचं, त्यामुळे असेल. पंधरा इंची लगेच खाली ठेवला. "जड हाये."
काउंटरवरचे काका म्हणाले, "डेमोचा आहे, पाडू नका." यांना गिऱ्हाईक कसं मिळतं देव जाणे.

१७ सप्टें.
ऑफिसमधून यायला उशीर. जिना चढायच्या आत दार उघडलेलं. आईला माझ्या स्कूटरचा आवाज ओळखू येतो. गेली कित्येक वर्षं मी अंधाऱ्या घराचं कुलूप काढत आलेय, त्यात काही वावगंही वाटत नव्हतं. आता वाटेल.

२१ सप्टें., रवि.
सिंहगड रोडचं दुकान. आईने खांद्यावरच्या कापडी पिशवीतून चष्म्याची डबी आणि बाटली काढून माझ्याकडे दिली. चौदा इंची लॅपटॉप पिशवीत सरकवला. पिशवी खांद्याला लावून दुकानभर एक फेरी. विक्रेती हसत म्हणाली, "आजी, प्रवास खूप असतो का?"
"एकदाच करायचा हाये. अश्विन पौर्णिमा झाली का."
मी तेव्हा काहीतरी विचारत होते. हार्ड डिस्कचं बहुतेक.
येताना स्कूटरवर तिचं बोलणं ध्यानात आलं.
जुलैत आली तेव्हा दारातच म्हणाली होती, "तुह्याकडे वर्षावासाले आलो." भन्ते पावसाळाभर एकाच विहारात मुक्काम करतात, तसं. मी हसले होते. अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो आणि भन्ते निघतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आईच्या बाबतीत डोक्यातच आलं नाही.

२२ सप्टें.
बोलले शेवटी. तिकडे कोण आहे तुझं?
"घर हाये. विहार हाये. तुह्या बाबाची झाडं हायेत, त्याईले पाणी कोण घालन?"
आणि मी?
"तुह्यासाठीच तं घेऊन राह्यलो. फोनात तू येवढीशी दिसतं."
म्हणजे मी लॅपटॉप घेत होते तिला इथे ठेवायला, आणि ती घेत होती जायला. मला नको आहे तिने जायला. बस्स. याच्यापुढे मला काही मुद्दा सुचत नाही.

२७ सप्टें., शनि.
मोठा, जडच घेऊन टाकावा असं मनात आलं. उचलणार नाही, नेणार नाही. मि.ला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "हमाल करेल ती. तुझी आई आहे."

२ ऑक्टो., दसरा.
चौदा इंची घेतला. ऑफरमध्ये बसला. आईने घरी येऊन पुन्हा पिशवीत घालून पाहिला.
तिकीट बघ म्हणते. दिवाळीचं वेटिंग आहे असं सांगितलं. खरं तर मी अजून बघितलेलंच नाही.

५ ऑक्टो., रवि.
जेवणं झाल्यावर आईने मला आतल्या खोलीत पाठवलं. "तिथून फोन लाव. पाहू दे कशी दिसतं." ती हॉलमध्ये लॅपटॉपपुढे, मी पलंगावर.
दिसली. जरा वरून, कपाळ जास्त.
"जेवली का?"
आई, आत्ताच तर जेवलो.
"तं सांग नं काय केलं होतं."
तूच केलंस की.
"मी तिकडं असन. मले कसं समजन? सांग."
भाकरी, म्हटलं. वांग्याची भाजी. ठेचा. ती नुसती बघत होती. मोठी दिसत असेन.
मग म्हणाली, "कर बंद आता."
तू कर.
"मले येत नाई बंद कराले."
लाल बटण कुठलं, हे परवा तिनेच मि.ला दाखवलं होतं.
मी नाही केला बंद. भिंतीपलीकडे तिने घसा खाकरला, आणि क्षणभराने तोच आवाज माझ्या हातातल्या फोनमध्ये.