शेवटचे दहा भाजक

प्रिय पाढ्या,

सदतीस वर्षांनी या नावाने हाक मारतोय. गेल्या महिन्यात निवृत्त झालो. निरोपाच्या भाषणांत सगळे म्हणाले, माझी आकडेमोड कधी चुकली नाही. मी मान खाली घालून ऐकत राहिलो.

वसतिगृहातली आपली खोली आठवते? सरांना एकच संशोधक विद्यार्थी घ्यायचा होता. त्यांनी फळ्यावर ९३,६४,८१९ लिहिलं आणि म्हणाले, "मूळ की संयुक्त? पंधरा दिवसांत सांगा." तू मिनिटभरात सुरुवात केलीस. विषम आहे, म्हणजे दोन गेला. अंकांची बेरीज चाळीस, तीन गेला. शेवटी नऊ, पाच गेला. अकराही गेला. मग म्हणालास, "मूळच आहे रे लंब्या, चेहराच तसा आहे." पण चेहऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? ३०६० पर्यंतच्या, म्हणजे तिच्या वर्गमूळापर्यंतच्या, प्रत्येक मूळ संख्येने भागून बघायचं होतं. शेवटी एक किंवा तीन असलेल्या तुझ्या, सात किंवा नऊ असलेल्या माझ्या. मी तापाने पडलो, तेव्हा माझी काही पानंही तूच उरकलीस. जागा तुलाच मिळणार हे आपण न बोलताच धरून चाललो होतो.

शेवटच्या दिवशी माझे दहा भाजक उरले. कंटाळा आला होता, बस्स, दुसरं काही कारण नव्हतं. दहाही भाजकांपुढे मी "बाकी उरते" असं लिहिलं आणि तुला सांगितलं, झालं.

दुसऱ्या दिवशी वर्गात तू ताठ उभा राहून म्हणालास, "मूळ संख्या." सरांनी फळ्यावर २९५७ गुणिले ३१६७ लिहिलं. वर्ग हसला. त्या दहातला पाचवाच भाजक होता तो. खोलीवर आल्यावर तू एवढंच विचारलंस, "२९५७ तुझ्याकडे होता ना?" मी म्हणालो, "नाही रे, तापातल्या पानांत तूच केलास तो, विसरलास." तू माझ्याकडे बघितलंस आणि मान हलवलीस. स्वतःपेक्षा माझ्यावर तुझा जास्त विश्वास. आठवड्याने तू वजनकाट्यावर नोकरी धरलीस, जागा मला मिळाली. मी घेतली.

पुढे वर्षानुवर्षं मुलांना शिकवत आलो, की ९३,६४,८१९ ही संख्या न्यून वर्गातली: स्वतःला सोडून सगळ्या भाजकांची बेरीज जेमतेम ६१२५, संख्येहून कितीतरी कमी. शिकवताना आवाज कधी कापला नाही, हेच मला आता सहन होत नाही.

दोन महिन्यांपूर्वी वहिनींचं पत्र आलं. झटका आल्यापासून तू जुन्या वह्या उलटसुलट करतोस, एक पान शोधतोस, रडतोस, म्हणतोस, "२९५७ला मी कसा चुकलो?" त्यांनी विचारलं होतं, "भाऊजी, हे काय आहे? तुम्हाला माहीत असेल तर त्यांना सांगा, अजून बोललेलं कळतं त्यांना." पाढ्या, तू चुकला नव्हतास. एकाही भागाकारात नाही. हे चार शब्द लिहायला मी दोन महिने लावले. गुरुवारी वहिनींचा फोन आला, दुसरा झटका आला, आता काहीच कळत नाही. तरी त्या हे तुझ्या उशाशी बसून मोठ्याने वाचणार. म्हणजे हे फक्त वहिनींनाच कळणार. त्यांनी मध्येच वाचणं थांबवलं, तर माझं काही म्हणणं नाही.

तुझाच,
लंब्या