लॅपटॉप मी स्वतः उघडणार

३० नोव्हेंबर, रविवार
लॅपटॉप सुरू होईपर्यंत चहा पिऊन झाला, कपही विसळून झाला. तरी फेकणार नाही. वजन किलोभरही नाही. निवृत्त होईपर्यंत देशभर पंप विकत फिरलो ते याच्याच जोरावर. चिगुसा म्हणाली, "अहो, नवीन घ्या की." माझ्या बायकोला निष्ठा वगैरे प्रकार ठाऊक नाही. डोकं फिरलं.

निश्चय: मेमरी वाढवायची, डिस्क बदलायची आणि नववर्षाची कार्डं नेहमीप्रमाणे यावरूनच छापायची. पंचवीस तारखेच्या आत पोस्टात, म्हणजे एक जानेवारीला घरोघर पोचतात. सगळे पत्ते यात आहेत. आलेली कार्डं मी वाचत बसत नाही, ते खातं चिगुसाचं. मशीन सगळ्यांना पाठवतं, एकही नाव सुटत नाही.

इझुमिदाचंसुद्धा. ऑफिसात वीस वर्षं शेजारी बसलो, निवृत्त होऊन बायकोला, मिसाओला, घेऊन तोत्तोरीला गेला, आणि आता सहा वर्षं साधं कार्ड नाही. कृतघ्न. यंदा उत्तर आलं नाही तर नाव कायमचं उडवणार.

६ डिसेंबर, शनिवार
इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, अकिहाबाराला गेलो. जंकच्या टोपलीत मेमरी मिळाली. टोपलीवर चिठ्ठी: चालेलच असं नाही, परत घेणार नाही, काही विचारू नये. तरी एक गोष्ट विचारली. दुकानदाराने नुसतं चिठ्ठीकडे बोट दाखवलं. उद्धट.

७ डिसेंबर, रविवार
उघडला. मेमरी घालायला जागाच नाही. जुनी मेमरी बोर्डालाच डाख देऊन बसवलेली. इतकी वर्षं या कंपनीची फुकट जाहिरात करत हिंडलो, त्याचं हे बक्षीस. चिगुसा म्हणाली, "आधी उघडायचं, मग आणायचं." मागाहून शहाणपण सगळ्यांनाच सुचतं.

स्क्रू एकाच वाटीत ठेवले. वेगवेगळे ठेवा म्हणून इंटरनेटवर कोणीतरी सांगत होता. नवशिक्या असणार.

१३ डिसेंबर, शनिवार
नवीन डिस्क आली. तिला जोडायची पट्टी कागदासारखी, पट्टी धरणारी क्लिप नखाएवढी. क्लिप तुटली. मी तोडली नाही, तुटली. चिकटपट्टी लावली. डिस्क चालत नाही. चिगुसाने विचारलं, पत्ते दुसरीकडे कुठे उतरवून ठेवलेत का. म्हटलं, काम झालं की ठेवणारच होतो.

१४ डिसेंबर, रविवार
जुनी डिस्क परत बसवली. शेवटचा स्क्रू आत जाईना. जोर लावला. गेला. आत काहीतरी कडकन वाजलं.

स्क्रू काही लांब असतात, काही आखूड. हे आधी सांगायला काय जातं यांचं? लांब स्क्रू सरळ डिस्कमध्ये घुसला. पत्ते गेले, लॅपटॉपही गेला. चिगुसाने स्क्रूंची रिकामी वाटी उचलून धुवून ठेवली. त्याचाच जास्त राग आला.

२० डिसेंबर, शनिवार
चिगुसा मागच्या वर्षी आलेली कार्डं काढून, त्यावरचे पत्ते बघून हाताने लिहीत बसली आहे. वर प्रत्येकाला वेगळी ओळ. कोणाच्या गुडघ्याची चौकशी, कोणाच्या नातवाची. म्हटलं, सगळ्यांना एकच मजकूर चालतो. म्हणाली, "तुम्हाला चालतो." जेवणावरून उठलो. भूक लागली, परत बसलो.

२२ डिसेंबर, सोमवार
सगळी झाली. राहिला इझुमिदा. तो कार्ड पाठवत नाही, मग पत्ता कुठून मिळणार? चिगुसा म्हणाली, "फोन करा ना. एकटा असतो बिचारा." एकटा कसा, ते विचारायला थांबलो नाही. चूक त्याची आणि फोन मी करू?

२३ डिसेंबर, मंगळवार
केला. चांगलं सुनावायचं ठरवूनच केला. म्हटलं, सहा वर्षं पाठवतोय, तुझ्या हाताला काय झालंय?

तो म्हणाला, "मिसाओ गेली तेव्हा कळवलं होतं तुला. घरात सुतक आहे, यंदा शुभेच्छा नकोत म्हणून. बाकी सगळे थांबले. तुझं कार्ड आलं. आनंदी आनंद, आणि उंदराचं वर्ष म्हणून वर नाचणारा उंदीर. माझ्या आणि मिसाओच्या नावाने."

म्हटलं, मशीनने पाठवलं असेल.

"तसंच म्हणालो मी मनाशी. पण पुढच्या वर्षीही दोघांच्या नावाने आलं. मग दरवर्षी. काय उत्तर देणार होतो रे?"

फोन ठेवून चिगुसाला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, "तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही लॅपटॉपवर होतात. तिचं नाव काढतो म्हणालात."

२४ डिसेंबर, बुधवार
पत्ता त्याने दिला. आज चिडायला कोणी सापडेना. सकाळभर कार्ड समोर घेऊन बसलो. पत्ता लिहिला. छापील कार्डावर असायची तशी दोघांची नावं मावतील असा हात कडेला गेला होता. इझुमिदाचं एकट्याचं नाव लिहिलं. शेजारी जागा उरली.