ॲम्पवर काही ठेवायचं नाही

शुक्रवार, २ फेब्रुवारी

सत्तावीस तारीख ठरली.

सर्जनबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "कानामागची गाठ निघेल, जिवाला धोका नाही. पण कान जाईल." दादाने विचारलं, "किती जाईल?" त्या म्हणाल्या, "सगळा." उजवा लहानपणीच गेलाय. म्हणजे सत्ताविसाव्या तारखेनंतर माझ्या भावाला काही ऐकू येणार नाही. काही म्हणजे काहीच!

बाहेर येऊन मी लिफ्टचं बटण दाबलं. दादा मान तिरकी करून म्हणाला, "वरचं चाक कोरडं पडलंय बघ. ग्रीस नाही." तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय मी, आणि ते ऐकलं याने. एका कानाने, तेही बंद दारातून. मला तिथेच भरून आलं. बुटाची नाडी बांधायला म्हणून खाली वाकलो. माझ्या बुटांना नाडीच नाही.

घरी येताना एवढंच म्हणाला, "तो आवाज एकदा समोर ऐकायचाय रे. टेपमध्ये नाही. समोर."

शनिवार, ३ फेब्रुवारी

तो आवाज म्हणजे काय ते लिहून ठेवतो. वाचणार कोण, देव जाणे.

सव्वीस वर्षांपूर्वी दादाने गिटारसाठी पहिला ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, बनवला. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मोडीत आलेल्या जुन्या सेटमधले व्हॉल्व्ह काढले, काचेचे, दिव्यासारखे पेटणारे, आणि महिनाभर खपून ॲम्प उभा केला. इथेच, बाहेरच्या खोलीत, आम्ही त्यावर एक धून वाजवली आणि कॅसेटवर घेतली. मी मुख्य गिटार, ट्रक चालवणारा आमचा मित्र दुसरी. तीन मिनिटं. शेवटच्या फेरीत तिसऱ्या तारेवर मी एक लांब सूर धरतो, आणि तिथे काहीतरी होतं. सूर उघडतो! त्याच्या कडेने बारीक चांदीची झालर लागल्यासारखी वाटते, आणि ती थरथरत राहते. अजून ऐकताना अंगावर काटा येतो. मीच वाजवलंय, तरी येतो.

तो आवाज पुन्हा कधी आला नाही. तोच ॲम्प, तीच गिटार, तोच गाढव वाजवणारा — नाही म्हणजे नाही. दादाने त्यानंतर दहा ॲम्प बनवले. ट्रान्सफॉर्मर स्वतःच्या हाताने गुंडाळले. ड्रायव्हर म्हणतो, तेव्हा तुझी बोटं तरुण होती. आमचा दंतवैद्य (दवाखान्यापेक्षा गिटारीत जास्त रमतो) म्हणतो, तेव्हाचे व्हॉल्व्हच वेगळे. दादा काहीच म्हणत नाही. बारावा बनवायला घेतो.

रविवार, ४ फेब्रुवारी

आज चार ॲम्प मांडले. मधे दोरीवर चादर टांगली, म्हणजे दादाला दिसायला नको कुठला वाजतोय. दादाचा पहिला, दादाचा नववा, ड्रायव्हरचा पोत्यात गुंडाळून आणलेला छोटा, आणि दंतवैद्याचा परदेशी. त्याला तो रुग्णांपेक्षा हळुवार हात लावतो.

सुरू करण्याआधी दादाची तपासणी. ॲम्पवर काही ठेवायचं नाही! चष्मा नाही, किल्ली नाही, साधा कागद नाही. "मला ॲम्प ऐकायचाय, तुमचं सामान नाही." पंचवीस-सव्वीस वर्षांचा नियम. ड्रायव्हरने सवयीने टोपी ठेवली आणि ओरडा खाल्ला.

व्हॉल्व्ह तापले, नारिंगी झाले, तापल्या धुळीचा वास आला. मी पहिला सूर काढतो न काढतो तोच स्टुलावरून दादाचा आवाज — "तिसरी तार उतरलीय." बघतो तर उतरलेली! गेली चाळीस वर्षं हा माणूस माझी तिसरी तार पकडतोय. लग्नात, स्टेजवर, एकदा तर फोनवरून.

दंतवैद्याच्या ॲम्पचा आवाज असा गोल, उबदार की आम्ही तिघे माना डोलवायला लागलो. ड्रायव्हरचा खरखरीत, पण काय धीट! दादाने प्रत्येकाला दाद दिली. प्रत्येकाला शेवटी तेच — "सुंदर आहे. पण ते नाही."

मधेच ही कामावरून आली. ही कपांच्या कारखान्यात तपासणीला आहे. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप लाकडी काडीने वाजवायचा. नीट बोलला तर डावीकडे, तडा असला तर उजवीकडे. पाळीला दोन हजार कप. चपला काढता काढता म्हणाली, "दोन नंबरच्यात काहीतरी सैल आहे." मी म्हटलं, "बाईसाहेब, हे कप नाहीत." सगळे हसले. नववा उघडला तर मागचा स्क्रू अर्धा निघालेला.

बुधवार, ७ फेब्रुवारी

दंतवैद्य जुने व्हॉल्व्ह घेऊन आला, कुठून कुठून जमवलेले. सहा जोड्या बदलून पाहिल्या. नाही.

रविवार, ११ फेब्रुवारी

आज भांडण. मीच केलं. ड्रायव्हर पुन्हा बोटांवर घसरला आणि माझं डोकं फिरलं. "मग तू वाजव!" म्हणून गिटार त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने वाजवलं. माझ्यापेक्षा बरं वाजवलं, मेल्याने. तरी ते नाही.

दादा चादरीकडे बघत बसला होता. म्हणाला, "माझ्या हातून एकदाच झालं रे. आणि कसं झालं ते मलाच माहीत नाही." सव्वीस वर्षांत पहिल्यांदा बोलला हे.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

दादा आज नळाखाली बादली ठेवून ती भरेपर्यंत ऐकत उभा होता. पूर्ण बादली.

रविवार, १८ फेब्रुवारी

सहा ॲम्प! ड्रायव्हरने दोनशे किलोमीटरवरून कुणाचा तरी मागून आणला. कपाटाएवढा. वाजवला तेव्हा खिडकीच्या काचा हलल्या, समोरच्या मास्तरीणबाई गॅलरीत आल्या. आम्हाला वाटलं ओरडणार. त्या म्हणाल्या, "हा जरा बरा आहे." हसून हसून पुरेवाट!

दादाही हसला. मग उठून एकेक वायर काढायला लागला. "पुरे आता. झालं तेवढं खूप झालं." वायर इतकी नीट गुंडाळत होता की मला बघवेना.

सोमवार, १९ फेब्रुवारी

जसं झालं तसं लिहितो.

सकाळी चहा घेताना ही समोर बसली. "एक सांगायचंय. रागावणार नाही ना?" मला वाटलं काही फुटलं-बिटलं असेल. ही म्हणाली, "तुमची ती टेप मी बिघडवलीय."

मी चहा खाली ठेवला.

"त्या दिवशी मी दादांचा चहा ॲम्पवर ठेवला होता. लग्नाला तीन आठवडे झाले होते, मला काय माहीत! तुम्ही वाजवत होतात, मधे बोलायचं कसं, म्हणून ठेवला आणि गेले. कप आमच्या कारखान्यातला होता. टाकाऊ, तडा गेलेला. तेव्हा घरात सगळे तसलेच होते. वाजवून झाल्यावर दादा केवढे ओरडले माझ्यावर! पुन्हा ॲम्पवर कप दिसला तर बघ म्हणाले."

आठवलं. ओरडलेलं आठवलं. कशावरून ते साफ विसरलो होतो.

"टेपमध्ये शेवटी तो कप वाजतोय. पहिल्याच दिवशी ऐकू आला मला. तुम्ही सगळे कौतुक करायचात, मला वाटायचं, गिटारचं करतायत, मागचा किणकिणाट यांच्या लक्षात आला नाहीये. आला तर पुन्हा ओरडा. म्हणून गप्प राहिले. पण आता दादांना ऐकूच येणार नाही, तर हे मनात ठेवून काय करू? माफी मागून टाकावी म्हटलं."

माफी! सव्वीस वर्षं ही बाई मनाशी गुन्हा धरून बसली होती, आणि आम्ही चार शहाणे व्हॉल्व्ह बदलत होतो! आणि तो नियम — ॲम्पवर काही ठेवायचं नाही. दादाने त्या आवाजाला स्वतःच घराबाहेर काढलं होतं. त्याच दिवशी!

मी एवढंच म्हणू शकलो, "पुन्हा सांग."

मंगळवार, २० फेब्रुवारी

दादाला सांगितलं. हीच बोलली, पदर हातात पिळत. दादाने टेप लावली, डावा कान स्पीकरला टेकवला. तीनदा ऐकली. मग हिच्याकडे असा बघायला लागला जसा कधी कुठल्या उस्तादाकडेही बघितला नसेल.

"आणि हे तुला पहिल्याच दिवशी कळलं?"

"कपच तो. कळणारच ना."

तो कप कधीच फुटून गेला. ही म्हणाली, शोधते.

शनिवार, २४ फेब्रुवारी

चार दिवस ही जेवणाच्या सुट्टीत टाकाऊ कपांच्या ढिगाशी बसतेय. एकेक वाजवून. टेप डोक्यात आहे म्हणते! मी विचारलं, किती वाजवलेस? "मोजले नाहीत. तीनेकशे असतील." आज पिशवीत सात कप आणले, टॉवेलात गुंडाळून.

मी या बाईला 'कपवाल्या बाईसाहेब' म्हणायचो. लाज वाटते. तिला तसं सांगितलं. म्हणाली, "आहेच मी कपवाली. चला, हात धुवा."

रविवार, २५ फेब्रुवारी

चादर नाही. एकच ॲम्प, दादाचा पहिला. दादाने स्वतः वरची धूळ पुसली आणि हिला म्हणाला, "ठेव."

पहिला कप नुसता खडखडला. दुसरा मुका. तिसरा बरा होता, पण हीच म्हणाली, "हा नाही." चौथा नाही. पाचवा ठेवताना हिने तो जरासा फिरवला, तडा मागे गेला.

मी तो लांब सूर धरला.

आणि आला! देवा, आला! समोर, खोलीत, भिंतींना लागून. सूर उघडला आणि त्याच्या कडेने ती झालर, थरथरत, तशीच, अगदी तशीच. ड्रायव्हरने तोंडावर हात ठेवला. दंतवैद्य खाली फरशीवर बसला, पांढऱ्या पँटसकट. मी सूर सोडेना. मला वाटलं, सोडला तर संपेल.

दादा डोळे मिटून होता. गालावरून पाणी ओघळत होतं, पुसलंही नाही. म्हणाला, "मला वाटायचं मी बनवला होता." मग डोळे उघडून हिला म्हणाला, "ओरडलो ग तुझ्यावर. चुकलं माझं." ही रडली. मीही रडलो, उघड. बुटाची नाडी-बिडी काही नाही.

मग एक गंमत. पुन्हा वाजवला तर कप गप्प. आमच्या तोंडचं पाणी पळालं. ही शांतपणे म्हणाली, "हा एकाच सुराला बोलतो. सूर जरा हलला की बोलत नाही." आणि स्टुलावरून — "तिसरी तार उतरलीय!"

तीस-चाळीस वेळा वाजवला असेल आज. समोरच्या बाई येऊन बसल्या होत्या.

सोमवार, २६ फेब्रुवारी

आज दादाने गिटार मागितली नाही. आम्हा सगळ्यांना बोलायला लावलं. काहीही बोला म्हणाला. नेमकं आज कुणाला काही सुचेना. शेवटी हिने किराण्याची यादी वाचली. त्याने पुन्हा वाचायला लावली.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

झालं. जीव सुखरूप. त्याने डोळे उघडले, मी "दादा" म्हटलं. तो माझ्या ओठांकडे बघत राहिला.

रविवार, १० मार्च

घर फार मोठ्याने वाजतंय. दार, भांडी, माझा खोकला. सगळं फक्त आम्हाला.

दादा वहीवर लिहून बोलतो. थोडंच. कैची, सोल्डरची कांडी, तारांची भेंडोळी, सगळं खोक्यात भरून ड्रायव्हरला दिलं. वर चिठ्ठी — 'माझ्या उपयोगाचं नाही.' ॲम्प तेवढा राहिला. कप त्यावरच आहे, हलवायची छाती कुणाची!

मी गिटारीला हात लावलेला नाही. त्याच्यासमोर वाजवणं म्हणजे उपाशी माणसासमोर जेवणं.

रविवार, २४ मार्च

आज दादानेच गिटार माझ्या मांडीवर ठेवली. वाजव म्हणून हाताने खूण केली. नाही म्हणायची सोय नव्हती. व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबलो. कप पडू नये म्हणून असेल, त्याने दोन बोटं कपावर ठेवली.

मी तो सूर धरला. माझं मन त्यात नव्हतं, खरं सांगतो. आवाजाकडे लक्षच नव्हतं. मी त्याच्या बोटांकडे बघत होतो.

त्याने कपाळाला आठी घातली. दुसऱ्या हाताने वही ओढली, काहीतरी खरडलं आणि माझ्यासमोर धरलं.

'तिसरी तार उतरलीय.'

बघितलं. उतरली होती.