देवाची गोळी

१४ नोव्हें.
माझ्या हातून चुकीची गोळी गेली, म्हणून लिहितेय. इतकी वर्षं मेडिकल चालवते, सबब सांगणार नाही.

गेल्या बाजारी ऊसतोड टोळीतली रेणुका सासूबरोबर आली. "बाई, देवाची गोळी द्या." म्हणजे पाळी पुढे ढकलायची. इथे बायका तसंच म्हणतात. सासू हसली, "आमची लई देवभोळी हाय." दिली. पाळीची तारीख विचारली नाही. सासूसमोर टाळलं.

आज एकटी आली. "आजून द्या. सा म्हैन्याच्या."
"सहा महिने कुठला देव?"
मान खाली. "ऊस सरंस्तोर दिवस जाया नकोत. दोन पोरी हायत."

म्हणजे आठवडाभर ही समजतेय, आपण सुरक्षित. त्या गोळीचा त्याला उपयोग नाही!
"मग तसं मागायचं!"
"सासूसमूर? तुमी मागितलं असतं का?"


गोळी बंद करायला सांगितली. दिवस गेलेत का बघायला तपासपट्टी दिली.

१५ नोव्हें.
रेणुकाने पट्टी आणून दाखवली. एकच रेघ, म्हणजे दिवस नाहीत. पण लवकर आहे, भरवसा नाही. आठ दिवसांनी पुन्हा.

तिच्या गावी आशाताई गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटं घरपोच द्यायची. इथे आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला फोन केला. "टोळीवाल्यांची नावं आमच्या यादीत नाहीत, मॅडम."
"टोळी यादीसाठी थांबणार नाही," म्हटलं. फोन ठेवला. दुकानातला साठा कमी. सोनईहून मागवला.

१६ नोव्हें.
टोळी उद्याच काष्टीकडे हलतेय! रेणुकाला निरोप धाडला. आली. या गोळ्या चालतील का, म्हणून शेजारच्या डॉक्टरांकडून बी.पी. बघून घेतलं, ठीक. अंगावर पाजत नाही. मिश्री लावते, सोड म्हटलं. "बगते," म्हणाली. म्हणजे नाही.

सासूने विचारलं तर? "रक्ताच्या हायत म्हनंन." पाकिटात लोहाच्या सात असतातच. खोटं मी शिकवलं नाही. अडवलंही नाही.

दिलं, तिच्याच हातात:
गोळ्यांची पाकिटं, सहा. पाळी आली की पहिल्या दिवसापासून, रोज एक. आली नाही तर सुरू करायची नाही. दोनदा म्हणवून घेतलं.
निरोध, तोवर. "नवरा न्हाई ऐकायचा." परत सरकवले. मी पुन्हा पिशवीत घातले. तिने राहू दिले.
तपासपट्टी, एक. २३ तारखेला, सकाळी.
दुकानाचा नंबर, पाकिटावर लिहून. रेघ एक की दोन, तेवढंच कळव म्हटलं.